नसलेल्या बसची डबल बेल

"व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस," डॉक्टर म्हणाले. आणि मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे मी पिलेली नव्हते, हे आता नक्की झालं ना?"

सोलापूरच्या त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. शेजारी माझे मिस्टर यूनुस मान खाली घालून बसले होते. डॉक्टरांना आधी वाटलं, पेशंटला अजून भोवळ आहे, काहीतरी बरळतेय. मग यूनुसनी हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "आतल्या कानातून मेंदूकडं जाणारी एक नस असते. डोकं कुठं वळलं, अंग कुठं झुकलं, ही बातमी ती मेंदूला देते. तुमच्या डाव्या कानाची ती नस सुजली आणि तिची बातमी बंद पडली. आता उजवा कान एकटाच बोलतोय, म्हणून मेंदूला वाटतं तुम्ही गरागरा फिरताय. याचा आणि दारूचा काडीचा संबंध नाही."

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर अनोळखी माणसं नंबराची वाट बघत होती. मी म्हणाले, "डॉक्टर, शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं बोलता का?" बाहेरच्या कुणालाही माझं नावसुद्धा माहीत नव्हतं, तरी त्यांनी ते ऐकावं असं मला वाटत होतं. माझी काय दशा झाली होती ते एवढ्यावरून समजा.

मी शमीम शेख. धाराशिवला राहते, लाल बसवर कंडक्टर आहे. चक्कर येऊन झोकांड्या खाणाऱ्या माणसाकडं लोक ज्या नजरेनं बघतात ती नजर ज्यांनी सोसलीय, किंवा पुढं सोसावी लागेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लिहिताना आजही माझे कान गरम होतात. तरी लिहितेय, कारण लाजेपायी मी आजार वाढवून घेतला आणि तुम्ही तसं करू नये.

आधी आमचं काम कसं असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. धावत्या गाडीत सगळे काही ना काही धरतात. कंडक्टर धरत नाही. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात नोटा आणि सुट्टे. पाय जरा फाकवायचे, कंबर सीटच्या कडेला टेकवायची आणि गाडी जशी वळेल तसं अंग सैल सोडायचं. येरमाळ्याच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात. त्यात मुंगीला शिरायला वाव नसतो, तिथं मी अशी हात मोकळे ठेवून उभी राहिलेय. नवीन लागलेल्या पोरी विचारायच्या, "बाई, तुमी पडत कशा न्हाय वं?" मी म्हणायचे, "पडायला आधी जागा तर पाहिजे." फार मिजास होती मला त्या उभं राहण्याची.

ती उतरली बेंबळीच्या गाडीत.

सकाळची परतीची फेरी होती. कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, गाडी भरलेली. मी एका मावशींना तिकीट देत होते. त्यांच्या मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी होती. गाडी सरळ रस्त्यावर होती, खड्डा नाही, वळण नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती उलटी झाली. खिडक्या वर गेल्या, छत खाली आलं. मी त्या मावशींच्या मांडीवर कोसळले आणि त्यांच्या मेथीवर भडाभडा ओकले.

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई सकाळी सकाळी टाकून आल्यात वाटतं."

लोक हसले. मला उठायचं होतं. उठायला गेले की दुसऱ्या अंगाला कलंडायचे. शेवटी गुडघ्यांवर आणि तळहातांवर रांगत मी माझ्या सीटकडं जायला निघाले आणि तेही जमलं नाही. कुणाचा तरी मोबाईल माझ्याकडं रोखलेला दिसला. एकाचे तीन दिसत होते. काळेमामांनी गाडी बाजूला घेतली. काळेमामा म्हणजे माझे ड्रायव्हर, वयानं मोठे, बोलायला कंजूस. ते पाण्याची बाटली घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, "शेखबाई, डोळे मिटा. म्या हाय."

डेपोत आल्यावर नियमाप्रमाणं श्वासाची तपासणी झाली. नियम सगळ्यांना असतो, साहेबांना मी दोष देत नाही. पण रोजे-नमाज सांभाळणारी मी बाई, डेपोतल्या दोघींनी दोन्ही बगलांत धरलेली, ओकारीनं भरलेल्या खाकी कपड्यांत त्या नळीत फुंकत होते. यंत्रानं शून्य दाखवलं. ते शून्य दोघा-तिघांनी बघितलं. मला फुंकताना मात्र सगळ्या स्टँडनं बघितलं.

धाराशिवला सलाईन लावली. मेंदूचं काही असेल तर, म्हणून लगेच सोलापूरला पाठवलं. तिथले सुरुवातीचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. उजव्या कुशीवर पडलं तर जग जरा थांबायचं. डोळा उघडला की पंखा बंद असूनही छत फिरायचं. घोटभर पाणी पोटात राहायचं नाही.

आधी एमआरआय केला. मोठ्या नळीत झोपवून डोक्याचे फोटो काढतात, आत दगड फोडल्यासारखा आवाज येतो. तो केला पक्षाघात नाही ना हे बघायला. हे नीट लक्षात ठेवा: अचानक गरगरायला लागलं आणि त्यासोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसले किंवा उभंच राहता येईना, तर घरी लिंबूपाणी करत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

मग हेड इम्पल्स टेस्ट. डॉक्टरांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "माझ्या नाकाकडं बघत राहा." आणि एकदम झटक्यानं डोकं वळवलं. डावीकडं वळवलं की माझी नजर त्यांच्या नाकावरून घसरायची आणि उडी मारून परत यायची. त्यावरून कुठला कान गेला ते कळतं. मग कॅलोरिक टेस्ट. कानात कोमट आणि गार पाणी सोडतात. चांगल्या कानात सोडलं की माणसाला मुद्दाम चक्कर येते, डोळे आपोआप हलायला लागतात. माझ्या डाव्या कानात सोडलं तर काहीच झालं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा चक्कर आली नाही म्हणून मी खूश झाले. डॉक्टर म्हणाले, "ताई, इथं चक्कर यायला पाहिजे होती."

स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, सूज उतरायला. चक्कर दाबायच्या गोळ्या वेगळ्या दिल्या आणि बजावलं, "या थोडेच दिवस घ्यायच्या. नंतर चालायचं, डोकं हलवायचं. मेंदूला नवीन हिशोब शिकू द्यायचा." यूनुसनी मान हलवली. मीही हलवली, आणि लगेच ओकले.

घरी आले. गरगर गेली होती, पण जमीन जागेवर नव्हती. चालताना पायांखाली गादी असल्यासारखं व्हायचं. मान वळवली की घर मागून ओढत ओढत यायचं. भिंत धरून मोरीपर्यंत जायचे. सजद्याला डोकं टेकवलं की तोल जायचा, म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढू लागले. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज दम केलेलं, म्हणजे दुआ पढून फुंकलेलं पाणी पाजायच्या. "नजर लागली तुजला," म्हणायच्या. "लई मिजाशीनं उभी राहायचीस."

अम्मींचं काय चुकलं? मलाही तसंच वाटत होतं.

मग तो व्हिडिओ आला. यूनुसचं शिलाईचं दुकान आहे. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाईकानंच तो त्यांना दाखवला. त्यातली बाई यूनुसची बायको आहे हे त्याला माहीत नव्हतं. यूनुस दुकान बंद करून घरी आले. मला तो माझ्या चुलत बहिणीकडून आला, खाली हसऱ्या तोंडांची रांग. व्हिडिओ मागून काढलेला होता. खाकी कपड्यातली एक बाई गाडीत रांगतेय, तिची सलवार पोटरीपर्यंत वर गेलीय, आणि मागं लोक हसताहेत. तोंड दिसत नव्हतं, पण बिल्ला लावलेली बाई कंडक्टर आमच्याकडं किती असणार?

मी घराबाहेर पडायचं सोडलं. गल्लीत चालले तर झोकांडी जाणार, आणि झोकांडी गेली तर लोक म्हणणार, बघा. म्हणून मी हललेच नाही. चक्कर दाबायच्या गोळ्या चालूच ठेवल्या. मेडिकलवाल्याकडून परस्पर मागवायचे. मान ताठ, नजर समोर, दिवसभर पलंगावर. काळेमामांचे फोन यायचे, मी उचलायचे नाही. ज्यांनी मला त्या अवस्थेत बघितलं त्यांचा आवाजसुद्धा नको वाटायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टर रागावले. "अजून इतकीच का हालत? व्यायाम केले का?" यूनुसनी गोळ्यांची रिकामी पाकिटं त्यांच्या टेबलावर ठेवली. नवऱ्यानं चारचौघांत चुगली केली म्हणून मी त्यांच्याकडं रागानं बघितलं, आणि मान वळवल्याबरोबर खुर्चीचा हात धरावा लागला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घाबरून डोकं बांधून ठेवलंत. मेंदू शिकणार कसा? आजार तुमचा अर्धा होता, उरलेला अर्धा तुम्ही पाळलात."

त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर फिजिओथेरपी आहे. तिथं डॉक्टर मृणाल भेटल्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, पण ताई म्हणताना त्यांच्या आवाजात दटावणीही असायची. त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला नेमकं काय करता यायला पाहिजे?"

मी म्हणाले, "धावत्या गाडीत न धरता उभं राहता आलं पाहिजे."

माझं सगळं तिथंच अडकलं होतं. डेपोनं तोवर मला बसून करायचं हलकं काम द्यायची तयारी दाखवली होती. चांगल्या मनानं दाखवली होती. पण वैद्यकीय तपासणीत मी फिट ठरले नाही तर ती खुर्ची कायमची होणार होती. आणि खुर्चीवर बसले की लोकांचं म्हणणं खरं होणार होतं: बाईला गाडीवरनं उतरवलं.

सुरुवातीला साधे व्यायाम. अंगठा डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडं बघत मान हलवायची. उशीवर उभं राहायचं. एका ओळीत पावलं टाकायची. सुधारणा होती, पण गाडीत बसून सोलापूरला जाऊन येईपर्यंत मी लिंबासारखी पिळून निघायचे. उभं राहणं तर लांबच. मग एक दिवस मृणाल डॉक्टर म्हणाल्या, "आता तुम्हाला व्हीआर लावू. व्हर्च्युअल रिॲलिटी. म्हणजे खोटं जग, पण डोळ्यांना खरं वाटणारं. इथं बसल्या जागी तुम्हाला हलतं जग दाखवायचं. तुमच्या मेंदूनं हळूहळू उरलेल्या कानावर आणि पायांवर भरवसा ठेवायला शिकायचं."

डोळ्यांवर बांधायचा एक डबा असतो. आत दोन लहान पडदे. डोकं वळवलं की आतलं जगही वळतं, खाली बघितलं तर खाली जमीन दिसते. त्याची जाड वायर पायात येऊ नये म्हणून छताच्या हुकातून लोंबत सोडलेली. दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी बार, कमरेला पट्टा. मला वाटलं, लहान पोरांचा खेळ आहे. टीव्ही बघून कुणी पडतं का?

पहिल्या दिवशी नदी लावली. मी नावेत उभी होते. लाटा यायला लागल्या. मला पक्कं माहीत होतं की मी सोलापुरात, फरशीवर, पट्टा बांधून उभी आहे. माझ्या पायांना ते माहीत नव्हतं. एक लाट नावेत आली आणि मी पटकन वाकून सलवार गुडघ्यापर्यंत वर धरली, भिजू नये म्हणून.

फिजिओच्या खोलीला काचेची भिंत आहे. पलीकडं बाकावर पुरुष बसलेले. डबा काढला तेव्हा माझ्या हातात अजून सलवार तशीच वर धरलेली होती. मला आधी तो व्हिडिओच आठवला. मी घरी येताना यूनुसना म्हणाले, "मला परत तिथं नेऊ नका." ते म्हणाले, "पाण्यात सलवार वर धरली, त्यात काय? मी असतो तर पँट वर केली असती." मी हसले नाही. पण पुढच्या वेळी गेले.

लाटा जरा पचायला लागल्यावर त्यांनी बस लावली. "तुमच्यासाठीच निवडली," म्हणाल्या. कुठल्या तरी मोठ्या शहरातली बस होती. स्वच्छ, काचा बंद, आणि कंडक्टर नाही. "बार धरून फक्त बघायचं," त्यांनी सांगितलं. मी दोन्ही हातांनी बार घट्ट धरले. गाडी निघाली, वळली, ब्रेक लागले. मी दात आवळून उभी राहिले.

मग एक स्टॉप आला. माणसं चढली. पुढून चढली, मागूनही चढली. सगळी दारात गोळा होऊन उभी राहिली, मागं पूर्ण मोकळं. तिकीट कुणी काढेना, विचारणारंही कुणी नाही. एक म्हातारे गृहस्थ येऊन सरळ सीटवर बसले. बघवेना मला.

पुढचं मी कधी सुरू केलं ते मला खरंच आठवत नाही. लोकांनी सांगितलं म्हणून माहीत. मी ओरडले, "चला, चला, दारातून मागं सरका! माल नाही भरलेला तिकडं, जागाय!" मग म्हाताऱ्यांना म्हणाले, "ओ बाबा, आधार कार्ड काढा. पंच्याहत्तर झाली का? फुकट जायचं तर दाखवा की!" उजव्या हातानं मी हवेत मशीनची बटणं दाबत होते. डावा हात नोटांना पुढं. सगळे चढले, दार मोकळं झालं, आणि माझा हात सवयीनं वर गेला, बेलची दोरी असते तिथं.

त्या बसला दोरी नव्हती. पण माझ्या हाताला दोरी लागली.

मग शंकेला जागाच कुठली? मी गाडी सोडायची दणदणीत डबल बेल मारली. छताचा हुक पोपड्यांसकट निघून आला, वायर कॉम्प्युटरमधून सुटली आणि माझ्या डोळ्यांसमोर मिट्ट काळोख झाला. भर रस्त्यात गाडीचे दिवे गेले! मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "काळेमामा, गाडी बाजूला घ्या! बाजूला घ्या!"

डबा काढला तेव्हा माझ्या केसांवर चुना होता. काचेपलीकडचे सगळे उभे राहून बघत होते आणि हसत होते. बाहेरच्या टीव्हीवर आत चाललेलं दिसायचं, त्यामुळं त्यांनी सगळं पहिल्यापासून बघितलं होतं. मी तिथंच फरशीवर बसले आणि तोंड ओढणीत घातलं. बेंबळीच्या गाडीत पडले त्याहून जास्त लाज मला त्या दिवशी वाटली. तिथं निदान आजार होता. इथं मी शुद्धीवर असलेली, दोन वेळचं खाणारी बाई, एका डब्यातल्या चित्राला आधार कार्ड मागत होते. मला वाटलं, कान गेला तो गेला, डोकंही गेलं.

मृणाल डॉक्टर हसल्या नाहीत. त्या माझ्यासमोर फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही बार कधी सोडला?"

मी मान वर करून बारकडं बघितलं.

"तुम्ही किती तरी वेळ काहीच धरलं नव्हतं. पट्टाही ओढला गेला नाही. मी रेकॉर्डिंग करते, तुम्ही बघा."

रेकॉर्डिंग म्हटल्यावर मी ताडकन उठायला गेले. व्हिडिओ हा शब्दच मला नको होता. मी सांगितलं, पुसून टाका, आत्ताच्या आत्ता पुसा. त्या म्हणाल्या, "पुसते. पण आधी पाय बघा. फक्त पाय." आणि त्यांनी पडद्याचा वरचा अर्धा भाग आपल्या तळहातानं झाकला.

तोंड दिसत नव्हतं, हात दिसत नव्हते. दोन पाय दिसत होते. जरा फाकलेले, गुडघे सैल. डावी टाच किंचित उचललेली, कंबर नसलेल्या सीटला टेकवलेली. त्या फरशीवर काहीही हलत नव्हतं, तरी ते पाय गाडीबरोबर डुलत होते आणि प्रत्येक वळणाला वेळेवर भार बदलत होते. ते पाय मी ओळखले. आजारी पडल्यापासून माझे म्हणून मी काही ओळखलं असेल तर ते पाय.

"तुम्ही पडू नये म्हणून लक्ष देता तेव्हा तुमचा तोल जातो," डॉक्टर म्हणाल्या. "लक्ष तिकिटात गेलं की पाय त्यांचं काम करतात. मेंदू शिकलाय ताई. तुम्हीच त्याच्यावर पाळत ठेवून बसलाय."

मी तो व्हिडिओ पुसायला लावला नाही. पण वरचा अर्धा भाग मी अजूनही बघितलेला नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी तिकिटाची पिशवी घेऊन यायला सांगितलं. दवाखान्यात पिशवी गळ्यात अडकवून जायची मला शरम वाटली, म्हणून यूनुसनी ती आपल्या खांद्याला लावली. शिलाईवाला मास्तर कंडक्टरची पिशवी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढतोय, असं ते दृश्य. मी डबा लावायचे, पिशवीत हात घालायचे आणि त्या बिनकंडक्टरच्या बसमध्ये तिकिटं द्यायचे. हळू बोलायचे, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. वायर आता लांब, भिंतीला बांधली होती. बाहेरचे लोक अजून हसायचे, आणि मला अजून लाज वाटायची. लाज जायची वाट बघत बसले असते तर आजही पलंगावरच असते. ती बरोबर घेऊनच जायचे.

त्या डब्याबद्दल एक सांगते. तुमच्यापैकी कुणाला लावतील तर आत घाबरलात, ओरडलात, कशाला तरी धरायला गेलात तर ते वेडेपण नाही. ते जग खोटं आहे हे फक्त डोक्याला ठाऊक असतं, बाकीच्या अंगाला कुणी सांगितलेलं नसतं. त्याचाच तर उपयोग होतो. आणि चक्करच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता चालू ठेवू नका. मी ठेवल्या, आणि बरं होणं तेवढं लांबवलं.

वैद्यकीय तपासणी झाली. डोळे मिटून उभी केली, एका ओळीत चालवलं, डोकं हलवत अक्षरं वाचायला लावली. फिटचा शेरा मिळाला. यूनुसनी पेढे आणले, अम्मींनी एक पेढा माझ्यावरून ओवाळून टाकला.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला पहिली ड्युटी बेंबळीची लागली. खऱ्या गाडीत खरी माणसं होती, आणि त्यांतल्या कुणी तो व्हिडिओ बघितलाय ते मला ठाऊक नव्हतं. काळेमामांनी मला बघून नुसती मान हलवली. जाताना पूर्ण फेरी मी एका हातानं वरची दांडी धरून ठेवली. तिकीट द्यायचे, दांडी धरायचे, सुट्टे द्यायचे, दांडी धरायचे. काम निम्म्यानं होत होतं. डब्यातल्या गाडीत सोडलेला हात खऱ्या गाडीत सुटत नव्हता. कुणी हसलं की माझ्यावरच हसलं असं वाटायचं.

परतीला बेंबळीत एक मावशी चढल्या. मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. पिशवीत मेथी होती. मी त्यांना ओळखलं आणि वाटलं, जमीन दुभंगावी. त्यांनीही माझ्याकडं निरखून बघितलं.

"तुमीच का वं त्या? बऱ्या झालाव का?"

मी म्हणाले, "व्हय मावशी. तुमची मेथी खराब केली मी. माफ करा."

"मेथीचं काय घिऊन बसलाव! माजी थोरली भन अशीच पडली हुती, उठलीच न्हाय पुना. म्या लई भ्याले. तुमचं डोस्कं असं गच धरून ठिवलं हुतं मांडीवर, लागू ने म्हनून. तुमास्नी ठावं न्हाय? दोनदा इचारलं म्या ह्या डायवरला, बाई हाईत का बऱ्या. त्यो म्हनला, फोनच उचलत न्हाईत."

मला आठवत नव्हतं. त्या दिवसातलं हसणं मला शब्दन् शब्द पाठ होतं. कोण बोललं, कुठून बोललं, कितीदा बोललं. आणि माझं डोकं कुणीतरी दोन्ही हातांनी धरलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. व्हिडिओ मागून काढलेला होता, त्यात ते दिसत नव्हतं. मीही इतके महिने तो मागूनच बघत होते. हसणारे खरेच होते, त्यांना मी खोटं पाडणार नाही. पण गाडीत तेवढेच नव्हते.

मी मशीनमधून त्यांचं तिकीट काढलं, त्यांच्या हातात दिलं, सुट्टे मोजून दिले. त्या बहिणीबद्दल सांगत राहिल्या, मी ऐकत राहिले. मग त्या एकदम म्हणाल्या, "धरा की वं बाई, वळान आलं!"

वळण येऊन गेलंही होतं. माझ्या एका हातात मशीन होतं, दुसऱ्या हातात नोटा.

"मावशी," मी म्हणाले, "दोन्ही हात कामात आहेत. धरू कशानं?"

पुढचा स्टॉप आला. माणसं चढली, नेहमीसारखी दारातच थटली. मी त्यांना मागं सरकवलं. सगळे आत आले, दार लागलं, माझा हात वर गेला. ओढायच्या आधी मी मान वर करून नीट बघून घेतलं.

दोरीच होती. मी डबल मारली.